बोगस बांधकाम

माझ्या भोरच्या मामांइतका संशयी माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामा आधी त्याच्यावर संशय घेतील. जन्म जमीनमोजणीच्या नोकरीत गेल्यामुळे, कागदावर दाखवलेली गोष्ट जाग्यावर असेलच यावर त्यांचा विश्वास नाही. पेढासुद्धा ते आधी उलटा करून बघतात. पंच्याहत्तरीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा माझ्या मुलीने त्यांना तिच्या पुण्याच्या कंपनीचा भलामोठा व्हिडिओ गेम लावून दिला. मामा खेळले नाहीत, मोजणीला गेले. मागे शत्रू लागलेले असताना हे आपले रस्त्याकडेची दारं एकेक ढकलत चाललेत! तीन दिवसांनी निकाल लागला. "एवढं मोठं शहर, पन एक दार उघडंल तर शपथ! निस्त्या भिंती रंगवल्यात. बोगस बांधकाम हाय."

मुलगी हसली नाही, कारण त्या भिंती रंगवायचं काम तिच्याकडेच होतं. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि एकटीच एक छोटा गेम करायला बसली. मामांना लगेच संशयाचा वास आला. "एकटीच करती? मंग त्या कंपनीत एवढी मानसं काय करत हुती?" दर रविवारी ते तिला बोलावून तिची उलटतपासणी घेत. खरं तर तीच त्यांची घेत होती. पानशेत धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावात आड कुठं होता, कुणाचं दार कुठल्या तोंडाचं, हे सगळं ती वहीत उतरवून घेत होती.

गेल्या महिन्यात तिने ते गाव मामांपुढे लावलं. एक गल्ली आणि अकरा घरं, बस्स. मामांनी पावलं मोजली. "आड चार पावलं वर पायजे," म्हणाले. मग दारं ढकलली. दहाच्या दहा उघडली. एका घरात चूल पेटलेली होती, एकात दळण अर्धवट राहिलं होतं. अकरावं दार त्यांचं स्वतःचं. तिथं मामा थांबले.

"ढकला ना, आजोबा," मुलगी म्हणाली. वर्षभर जीव ओतला होता तिने त्या घरात. "उघडतं, शपथ."

"उघडंल गं. पन आत आई नसंल."

मामा दार न ढकलताच मागे फिरले.

आता मामा रोज संध्याकाळी त्या दारापर्यंत जातात, उंबऱ्यापाशी उभे राहतात आणि परत येतात. परवा मी न राहवून म्हटलं, "मामा, हे एक दार तेवढं तपासायचं राहिलंय."

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "ह्या एका बांधकामावर आपला इश्वास हाय."