दुपट्ट्याशिवायचा सौदा

मुलीला परत आणायला मी समुद्रात उतरलो. ती दिवसभर पाण्यातच असायची, आणि किनाऱ्यावर मी तोंड उघडलं की उठून जायची. दूरच्या त्या बेटावर ती पाहुण्यांना पाण्याखाली फिरवते, हीच तिची नोकरी. बैलांच्या दलालीतून वर येऊन मी मूल गावात राईस मिल उभी केली, तिच्यासाठी. ती म्हणाली, विकून टाका. तो राग मी विमानातही सोबत घेऊन गेलो होतो.

“एक वरीस तरी ये घरी,” सकाळी मी म्हटलं. “मंग पाहू.”

“बाबा, पान्यात तोंड बंद ठेवा लागते. तुमाले जमन का?” माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा आवळत ती हसली.

तीन बाजूंनी काळे डोंगर होते, कधीकाळी ज्वालामुखीतून वाहत येऊन गोठलेले. मधला समुद्र आमच्या सिंदेवाहीकडच्या तलावासारखा निवांत. खाली काळ्या दगडांवर पिवळी, जांभळी पोवळी. माशांचा थवा आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. एक कासव गाईसारखं चरत होतं, त्याने मान वर करून पाहिलंही नाही. मुलीने माझा हात धरला होता.

चामोर्शीच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली बोटं दाबायची. एकाला एक बोट, अर्ध्याला अर्धं. लहानपणी माझ्या मांडीशी बसून ती हे शिकली होती.

मी तिचं एक बोट धरून दाबलं. एक वर्ष. काचेमागचे तिचे डोळे माझ्याकडे वळले. तिला कळलं होतं. तिने बोट सोडवून घेतलं. मी अर्धं धरलं. सहा महिने. इतक्या लवकर मी कोणासमोर नमलो नव्हतो.

तिने अख्खा हातच काढून घेतला.

बाजारात हात निघाला की सौदा संपला, तो पुन्हा धरायचा नाही. हेही तिला मीच शिकवलेलं. मग तिने माझ्या टाकीचा पट्टा धरला आणि हवेचा काटा तपासला, कोणत्याही गिऱ्हाइकाचा तपासावा तसा.

किनाऱ्यावर आलो तर गावाहून बायकोचा फोन येत होता.

“काय म्हनते पोरगी? येते का नाई?”

मुलगी पाठमोरी बसून माझा पोशाख गोड्या पाण्यात खळबळत होती.

“मासे खूप हायेत इथी,” मी म्हणालो. “रंगीत.”