जावयाचे पन्नास मीटर

मी फौजेत शिरलो तेव्हा तिसरी पास होतो आणि हवालदार होऊन बाहेर पडलो तेव्हाही तिसरीच पास होतो. पण धावण्यात आणि रस्सा चढण्यात कंपनीत माझ्या पुढे कोणी नव्हते. ज्याला खोटे वाटेल त्याने त्या वेळच्या माणसांना विचारावे. आता हयात फारसे कोणी नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

माझा जावईही हवालदार. घाटावरचा गडी, चाळिशी ओलांडलेला, पोट जरा पुढे. यंदा रजेवर गोव्यात, धारगळला आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच.

"मामा, टेस्ट बदलली," तो म्हणाला. "आता पन्नास मीटर पोहायचंही आहे. आमच्या गावात अंघोळीला पाणी मिळतं तेच पुष्कळ. रजा संपली की परीक्षा. नापास झालो तर बढतीच्या यादीतून नाव गेलं."

"एवढंच ना? गोव्याचा सासरा कशाला केलास मग? उद्यापासून मी शिकवतो."

आत चहा गाळणारी माझी बायको खोकली. कारण मला पोहता येत नाही. आमच्या वेळी ते कोणी विचारीत नव्हते. पोहते ती. तिचे माहेर नदीकाठचे. पण आमच्याकडच्या जुन्या बायका जावयाशी थेट बोलत नाहीत. मुलीच्या लग्नाला पंधरा वर्षे झाली, तरी तो समोर बसलेला असताना ती मला सांगते, "तेंका भात वाढू काय, विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माडांमागच्या तळीवर गेलो. दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ एकमेकांना बांधून त्याच्या पाठीला लावले. आमच्याकडे शिकणारा असाच तरंगतो. मी काठावरून हुकूम सोडला, "दाया-बाया! दाया-बाया!" तो परेडीसारखे हातपाय मारू लागला आणि जागच्या जागी गोल फिरला. तीन दिवस गोलच फिरला.

कपडे धुणारी एक शेजारीण म्हणाली, "आजोबा, जावयाक पोहूक शिकवतात की प्रदक्षिणा घालूक?"

चौथ्या दिवशी बायको धुण्याचे बोचके घेऊन आली आणि माझ्या मागे बसली. मान वर न करता पुटपुटली, "तेंका सांगा, तोंड पाण्यात घाला. मान वर काढली की पाय बुडतत."

"तोंड पाण्यात!" मी गरजलो. पाय वर आले. मग ती पुटपुटे आणि मी गरजे. आठवड्यात नारळ सुटले, पंधरवड्यात तो निम्मी तळी ओलांडू लागला. उस्ताद म्हणून माझे नाव झाले. मी नको म्हटले नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी तो अख्खी तळी पार करायला निघाला. बरोबर मध्यावर असताना मला वाटले, थोडा डावीकडे जातोय. बायकोचे काही ऐकू येण्याआधीच मी ओरडलो, "थम!"

फौजी माणूस. हुकूम आला आणि तो थांबला. हात बाजूला, छाती पुढे, आणि सरळ खाली गेला.

"थांबू नको रे मेल्या! हात मार, हात!" बायको धुण्याच्या दगडावर उभी राहून किंचाळली. काष्टा आवळून ती उडी घेणार, तेवढ्यात तो वर आला. तळीचे अर्धे पाणी पिऊन, पण हात मारत पलीकडे पोचला. जावयाला मेल्या म्हटल्याचे तिच्या तेव्हा ध्यानात आले आणि तिने पदर तोंडावर घेतला. तळीवर कोणी हसले नाही. मला मात्र घरी जाईपर्यंत तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

महिन्याभराने फोन आला. "मामा, पास! साहेबांनी विचारलं, तुला शिकवलं कोणी?"

मी खोटे बोलणारा माणूस नाही. घसा खाकरून म्हटले, "तुझ्या सासूने, असं सांगायचं होतंस."

"तसंच सांगितलं, मामा. तुम्ही 'थम' केलंत, तेही सांगितलं. साहेब अजून हसताहेत."

रेंज जाते आहे, असे सांगून मी फोन ठेवला.