विठ्ठलअण्णा आणि अक्काचं करवत मशीन

विठ्ठलअण्णा पांचाळांच्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या मळमड्डीत सगळ्यांना ठाऊक आहे. रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. तिथल्या गोंगाटात ओरडून बोलायची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. माझी नवी स्कूटर बघून त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "मास्तर, हा पत्रा विकत घेतलात की कुणी फुकट दिला?" मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही.

तर अशा माणसावर यंदा भाद्रपदात एक गोष्ट पोटात ठेवायची वेळ आली, आणि तिनं त्यांना पार वाळवून टाकलं.

त्यांची थोरली बहीण अंबूताई जुन्या हुबळीत राहतात. त्यांचे यजमान सदाशिव दारं-खिडक्या आणि पाळणे करायचे. त्यांच्याकडे विजेवर चालणारं जुनं विलायती करवत मशीन होतं. बिडाचं जाड टेबल, मधोमध गोल पातं, खाली मोटर. सदाशिव गेले आणि मशीन बंद राहिलं ते राहिलंच. आता मुलगी नेत्रा बेंगळूरहून फर्निचरचं काम शिकून परत आली. तिला वडिलांचं दुकान पुन्हा उघडायचं होतं, पण मशीनची दशा बघून ती म्हणाली, "आई, हे गुजरीत घालू या, भंगार झालंय. नवं घेऊ." अंबूताई रात्री जेवल्या नाहीत. सकाळी भावाला बोलावणं आलं.

मीही गेलो, कारण स्कूटर माझी होती.

काम मात्र बघत राहावं असं. डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या टेबलावर पसरून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी एमरी पेपरनं घासायचं, पुन्हा चिंध्या. मोटर सोडवून उन्हात तापवली. पात्याच्या प्रत्येक दाताला कानस मारली. पातं ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा तेवढा काही केल्या हलेना. आणि टेबलाची एकच बाजू गंजानं खोलवर खाल्लेली. त्याच बाजूचं बेअरिंग पुलर लावून उपटलं, तर आतून तांबडा घट्ट चिखल निघाला. त्यात नारळाच्या शेंडीचे धागे होते आणि करवंटीचा एक कपरा.

अण्णांनी तो कपरा तळहातावर घेतला आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "मास्तर, हे अक्कानं केलंय."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी त्यांना विश्रांती, काम दसऱ्याला. सदाशिव नारळ फोडायचे तो मशीनच्या टेबलावरच. पण दसऱ्याला घर उठायच्या आत सगळं पुसून, तेल देऊन मशीन चालवूनही बघायचे. अंबूताईंनी पूजा पाहिली होती, पुसणं पाहिलं नव्हतं. यजमान गेल्यावर त्यांनी एकही वर्ष खाडा केला नाही. नारळ फोडला, पाणी बिडावर वाहू दिलं, हळदकुंकू वाहिलं, आणि देवाचं म्हणून त्याला फडकं लावलं नाही. ते पाणी वर्षानुवर्षं पात्याच्या फटीतून बेअरिंगात उतरत राहिलं.

"ह्यांचं एवढं एक राखलं बघा मी," असं त्या मला चहा देताना रोज सांगायच्या. आता ह्या बाईला कुठल्या तोंडानं सांगणार? मशीन कशानं एवढं गंजलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णा खाली बघत म्हणाले, "छप्पर गळतंय, अक्का." अंबूताईंनी लगेच माणूस लावून सगळे पत्रे तपासून घेतले. एक भोक सापडलं नाही. तो बिचारा उगाच डांबर फासून गेला.

नवी बेअरिंगं बसली. पट्टा हातानं ओढला की पातं भिरभिरू लागलं. अण्णांना बटण दाबायची घाई झाली होती, पण अंबूताई ऐकेनात. "आधी खंडेनवमीची पूजा होऊ दे. दसऱ्याला दाब तुझं बटण."

खंडेनवमीला लखलखीत टेबलावर झेंडूचा हार चढला. आरती झाली. अंबूताईंनी पदर खोचला आणि नारळ टेबलाच्या कडेवर उगारला. नारळ पुन्हा तिथंच फुटणार, हे आम्हां दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णांनी झटकन पुढे होऊन कडेवर हात ठेवला.

"इथं नको, अक्का."

"अय्य! हात काढ रे. लागंल की."

"नाही काढणार. छप्पर गळत नाही, अक्का. मी खोटं बोललो. नारळाचं पाणी आत गेलंय. दरवर्षी. तू…"

नेत्रा पुढे सरसावली, तिला अंबूताईंनी हातानंच थांबवलं. कितीही घासलं तरी त्या बाजूला बारीक खड्डे राहिलेच होते. त्यांच्यावरून अंबूताईंनी बोटं फिरवली.

"म्हणजे राखत नव्हतेच की मी," त्या म्हणाल्या. "मीच संपवत होते."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. विठ्ठलअण्णा रडत होते, तेही मोठ्यानं. त्या माणसाला हळू रडतासुद्धा येत नाही.

अंबूताईंनी नारळ नेत्राच्या हातात दिला. "बाहेर पायरीवर फोड." मग पदरानं टेबलावरचं हळदकुंकू स्वतः पुसलं. कोपरे, फटी, सगळं.

"विठ्ठल, बटण दाब."

"आज? अक्का, आज खंडेनवमी. आज हत्याराला विश्रांती."

"इतकी वर्षं विश्रांतीच दिली मी त्याला. साकु, पुरे आता. चालू कर."

अण्णांनी हार उतरवला, डोळे पुसले आणि बटण दाबलं. मशीन आधी घरघरलं, मग एका लयीत चालू लागलं. अंबूताईंनी त्या खड्ड्यांवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.