कप्तान दारातच राहिला

आमच्या वाडीनं एकदा टीव्हीवरच्या मालिकेचं सुतक पाळलं होतं. हे सांगितलं की माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या बायका हसतात. हसू देत बापड्या. ती मालिका बऱ्याच जणांनी बघितली असेल, पण आमच्यासारखी जीव टांगणीला लावून कुणी बघितली नसणार, हे मी छातीठोकपणे सांगते.

आमची वाडी डिंभ्याच्या वर, तळेघरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याच्या काठावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही टेकाडावर सरकलो आणि पत्र्याच्या घरात राहू लागलो. ज्यांची शेतं बुडाली त्यांना खाली कालव्याच्या भागात जमीन मिळाली. आमची निमगाव सावाच्या बाजूला होती. कागद हातात आले होते, बाप जमीन बघूनही आला होता. फक्त जायचं राहिलं होतं, आणि तेवढंच काही केल्या होत नव्हतं.

कारण माझा बाप. त्याला आम्ही दादा म्हणायचो. दादाचा आवडता शब्द ‘बघू’. आई भांडी पोत्यात बांधायची आणि हा संध्याकाळी ‘च्याला पातेलं लागतंय’ म्हणून पोतं सोडायचा. त्या वर्षी मी सातवी होणार होते. आठवीची शाळा रोज चालत जाण्याजोगी नव्हती, आणि पोरीला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं की दादा जेवण टाकून उठायचा. म्हणजे हिशोब सरळ होता. जूनच्या आत खाली उतरलो तर माझी शाळा, नाहीतर मी आणि शेळ्या. मला शेळ्या तेव्हाही आवडत नव्हत्या आणि आताही आवडत नाहीत.

वाडीत वीज नव्हती. टीव्ही मात्र होता, तो आमच्याकडे. छोटा, काळा-पांढरा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी चार्ज करायला एसटीनं घोडेगावला न्यावी लागे. एसटी यायची तिच्या मर्जीनं, आणि कंडक्टर बॅटरीचं तिकीट फाडायचा. दादा म्हणायचा, मग तिला सीट द्या. यावर दर खेपेला भांडण व्हायचं आणि दर खेपेला बॅटरी दादाच्या मांडीवरच बसून जायची.

आणि अशात रविवारी सकाळी ती मालिका सुरू झाली. पृथ्वीवर पाणीच पाणी झालंय, म्हणून थोडी माणसं एका जहाजात बसून आकाशात नवी जमीन शोधत निघालीत. बस्स, एवढीच गोष्ट. जहाज थर्माकोलचं आहे हे आम्हा पोरांनाही दिसत होतं. कप्तानाच्या पुढ्यातल्या यंत्राचं एक बटण तर सरळसरळ मिक्सरचं होतं. पण वाडीनं त्यात एक चूक काढली नाही. बाकीच्यांना ती कल्पना वाटली असेल, आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की कुणीतरी गुपचूप येऊन आपलं बघून गेलंय आणि लिहिलंय.

मालिका हिंदीत. आम्हाला ती अर्धीमुर्धी कळायची, उरलेली आई भरून काढायची. कप्तान दोन शब्द बोलला तर आई त्याची पाच वाक्यं करायची. कुणी हटकलं तर म्हणायची, ‘त्येच्या मनातलं सांगतीय.’

सगळ्यात पुढं बसायची माझी चुलती. दादाच्या थोरल्या भावाची बायको, विधवा, पोरंबाळं नाहीत. तिच्या वाटणीचं भातखाचर पाण्याच्या वर राहिलं होतं. बुडालं नाही म्हणून तिला खाली जमीनही नाही. ती कप्तानाशी थेट बोलायची. ‘आरं, डावीकडं बघ की, तिकडं उजेड हाय,’ वगैरे.

आता कौलाचं सांगते. आमच्याकडे लग्न, विहीर, असलं काही मोठं काम असलं की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर काम करायचं, डावं पडलं तर थांबायचं. आई म्हणाली, ‘लावा कौल आन् एकदाचं ठरवा.’ पण देऊळही बुडालेलं. देव वर आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला. दादा म्हणाला, ‘देवाचाच अजून ठिकाणा न्हाई, त्यो आपल्याला काय सांगनार?’ आणि मग एका रविवारी मालिका संपल्यावर तो सगळ्यांसमोर बोलून गेला, ‘ही मानसं जमिनीवर उतरली की आपन बी उतरू. हाच कौल.’

आईनं हे लगेच पदरात पाडून घेतलं. तिचं बरोबरच होतं. जमीन शोधायला निघालेली माणसं शेवटी जमिनीवर उतरणार नाहीत तर काय करतील? मी तर त्या दिवशीच दप्तर धुतलं.

मेमध्ये तो भाग आला. काचेतून हिरवी-निळी जमीन दिसली, म्हणजे आमच्या टीव्हीवर करडी. जहाजातली माणसं भांडायला लागली, उतरावं की नको. कप्तान उठला, दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला. तिथं भाग संपला. चुलती म्हणाली, ‘मेल्यांनी बरूबर तिथं तोडलं.’

पुढच्या रविवारी वाडीतलं एक माणूस घरी राहिलं नाही. टीव्ही लावला तर पडद्यावर एक बाई आंब्याचा जाम करत होती. आम्हाला वाटलं, आधी जाहिरात असेल. बाईनं जाम केला, बरणीत भरला, झाकण लावलं, नमस्कार केला आणि गेली. त्याच्या पुढच्या रविवारी तीच बाई लिंबाचं सरबत घेऊन हजर. दादानं टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारल्या. शेवटी शाळेतले गुरुजी मंचरहून बातमी घेऊन आले. मालिका बंद झाली होती. बघणारे फार नव्हते म्हणे.

‘आमी व्हतो की,’ चुलती म्हणाली. ‘आमाला कुनी इचारलं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिठलं-भाकरी घेऊन आमच्या दारात उभी. ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारचे आणून देतात. आईनं कपाळाला हात लावला. चुलती म्हणाली, ‘टीव्ही तुमच्या घरात, तवा सुतक बी तुमालाच.’ चेष्टा होती की खरं, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. मागोमाग बाकीच्या बायका आल्या. कुणी भात आणला, कुणी नुसतीच येऊन बसली. कप्तानाच्या आठवणी निघाल्या. तो जेवताना कधी दाखवला नाही, याचं सगळ्यांना आत्ता वाईट वाटलं. आम्ही दोन वेळा दुसऱ्यांचं पिठलं खाल्लं, आणि ते झकास होतं.

दादा मात्र खुशीत दिसायला लागला. ‘दार उघडलं का? न्हाई,’ तो म्हणाला. ‘मंजी फूल पडलंच न्हाई. आता बघू पुढच्या सालाला.’ मी पाण्याच्या काठावर जाऊन रडले. दादाचा मला इतका राग आला होता की दोन दिवस त्याला मी पाणीसुद्धा दिलं नाही.

रविवारी आईनं सगळ्यांना बोलावणं धाडलं. बॅटरी उतरलेली होती, टीव्ही बंद. ती टीव्हीच्या पुढं पाट टाकून बसली आणि म्हणाली, ‘ऱ्हायलेला भाग सांगती. बसा.’

लोक बसले. दादा खांबाला टेकून उभा राहिला.

‘कप्तानाचा हात कडीवर हाय,’ आई म्हणाली. ‘पन कडी काय निघंना. मंग त्येची बायको म्होरं आली.’

‘कप्तानाला बायकू न्हवती,’ चुलती म्हणाली.

‘व्हती. दावली न्हाई. सैपाकात व्हती.’

बायका अशा हसल्या की दादालाही हसू आलं. आई हसली नाही. ‘तिच्या डोईवर भांड्यांचं पोतं, एका हाताला पोरगी. तिनं कोपरानं कडी काढली आन् उतरली खाली. पोरीची शाळा उघडनार व्हती, ती किती थांबनार?’

‘आन् कप्तान?’ दादानं विचारलं.

‘कप्तान दारात हुबा. त्याला भ्या वाटत व्हतं.’ आता ती त्याच्याकडे बघून बोलत होती. ‘खालची मानसं आपल्याला पावणंच म्हननार, जलमभर. असं त्येच्या मनात. त्यात लाजन्यासारखं काय न्हाई. पन पोरगी खालून हाका मारत व्हती.’

कुणी सांगितलं नव्हतं. मीच म्हणाले, ‘दादा, चला की.’

दादा खांब सोडून पुढं आला. मग त्यानं गुरुजींना विचारलं, ‘टेंपू कुनाचा मिळंल?’

मला नाचावंसं वाटत होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं. सगळे एकदम बोलायला लागले, कुणी भाडं सांगे, कुणी वार सांगे. चुलती तेवढी जागची हलली नव्हती.

‘लई झ्याक सांगितलंस,’ ती आईला म्हणाली. ‘पन जहाजावर मागं कोन ऱ्हायलं, ते नाय सांगितलंस.’

आईला कप्तानाच्या मनातलं सगळं सांगता यायचं. आता मात्र ती पाटावरून उठली आणि नुसतीच चुलतीजवळ जाऊन बसली.