माझ्या मापाचं टोपडं

चांद्याला घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात मी लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दुकानात मालक, एक जुने कारागीर आणि मी असे तिघेच. हे कारागीर नागभीडकडचे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे आणि हाताचे पक्के. मालक आणि मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

बायकांच्या मनगटी घड्याळांसाठी मालकांनी नागपूरहून एक वस्तू आणली होती. डोक्याभोवती बांधायची चामड्याची पट्टी आणि तिला डोळ्यांसमोर येतील अशी दोन भिंगं. दोन्ही हात मोकळे राहत आणि मोहरीएवढं चाक वाटाण्याएवढं दिसे. आम्ही तिला टोपडं म्हणायचो. दुपारच्या जेवणापर्यंत ते भाऊंच्या डोक्यावर असे आणि जेवणानंतर माझ्या.

पण ते बसायचं भाऊंनाच. त्यांचं कपाळ रुंद, डोळे एकमेकांपासून लांब. माझं डोकं लहान, डोळे जवळ जवळ. पट्टी नाकावर घसरायची आणि भिंगांतून एका चाकाची दोन चाकं दिसायची, एकमेकांवर चढलेली. खऱ्या चाकाऐवजी मी दुसऱ्यालाच चिमटा लावायचो.

घसरू नये म्हणून मी जुन्या दुपट्ट्याची घडी पट्टीच्या आतून टाचली. भाऊ हसले. "डोक्यावर चुंबळ ठेवली का रे? पाणी भराले चालला?"

घसरणं थांबलं, दोन चाकं राहिलीच. दोन भिंगांना जोडणारी पितळेची पट्टी थोडी आखूड केली तर माझं काम होईल, हे मला समजलं होतं. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "पहले भाऊ को पूछ ले."

"मले जमते ते जमते," भाऊ म्हणाले. "तुले नसन जमत तर डोकं बदलून आण."

इथवर मी सोसलं. मग एक दिवस पोंभुर्ण्याकडचे एक गृहस्थ घड्याळ दाखवायच्या निमित्ताने आले. खरं तर ते मला पाहायला आले होते. त्यांच्या मुलीशी माझं जवळजवळ ठरलं होतं. मी टोपडं चढवून त्यांचं घड्याळ उघडलं. समोर दोन चाकं. चिमटा दोनदा रिकामा आला.

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "पोरगा गुणाचा आहे जी," ते पाहुण्यांना म्हणाले. "पण हातभराच्या अंतरावर चाक नाई सापडत त्याले. घरात बायको कुठी सापडन?"

मालकही हसले. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी घड्याळ तसंच उघडं परत मागितलं. पंधरा दिवसांनी नकार आला. मुलाचे हात कापतात, असा निरोप होता.

त्या निरोपानंतरच्या शुक्रवारी मालक नमाजाला गेले आणि भाऊ घरी जेवायला. मी पितळेची पट्टी सोडवली, मधून तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा कापला, टोकं झाळून जोडली, कानशीने घासली. जोड चकाकत होता, त्यावर दिव्याची काजळी चोळली. टोपडं डोक्यावर चढवलं. चाक एकच दिसलं, स्वच्छ, दात मोजता येतील असं. इतका आनंद मला नंतर स्वतःच्या लग्नातही झाला नाही. आणि तो नीट दिसण्याचा नव्हता. आता दोन चाकं कोणाला दिसणार, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी तीनदा भिंगं पुसली. आठवड्याभरात कपाळाला ओला रुमाल बांधून बसू लागले. माझ्याकडे एक घड्याळ सरकवून हळूच म्हणाले, "पाय बरं. मले दोन चाकं दिसून राह्यले. तुले किती दिसते?"

मी टोपडं चढवलं. "एकच," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

त्यांचे वडील मोतीबिंदूने आंधळे झाले होते. शेवटची वर्षं त्यांना काठीला धरून परसाकडे न्यावं लागे. भाऊ डॉक्टरकडे गेले नाहीत. तो तेच सांगणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एका डोळ्याला लावायचं जुनं भिंगही त्यांनी हातात घेतलं नाही. उरलेली नजर तरी राहू दे, म्हणत. मालकांनी त्यांना भिंतीवरच्या घड्याळांवर बसवलं. एकदा त्यांच्या हातून लंबकाची पातळ कमानी तुटली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, डोकं बदलून आणा आता." दिवाळीनंतर भाऊ दुकान सोडून गावी गेले. त्यांची खिडकीजवळची जागा मला मिळाली.

चारेक वर्षांनी, माझं लग्न होऊन मुलगा झाल्यावर, मला राहवेना. मुलाचं डोकं माझ्यासारखंच लहान होतं, का कोण जाणे त्यावरून भाऊ आठवत. एका सकाळी टोपडं पिशवीत घालून मी नागभीडला गेलो. सगळं सांगायचं, पाया पडायचं, असं गाडीत घोकत होतो.

भाऊ अंगणात सुपात तांदूळ निवडत होते. मी पाहत राहिलो. बारीकसा खडा ते पटकन उचलत होते, एकही चुकत नव्हता.

"आणलं का टोपडं?" पिशवीबाहेर आलेली चामड्याची पट्टी पाहून ते म्हणाले. "आण इकडं."

त्यांनी ते चढवलं, माझं मनगट धरलं, घड्याळ डोळ्यांजवळ ओढून सेकंदकाटा पाहिला. जोड त्यांच्या बोटाखालीच होता.

"दोनच," ते म्हणाले आणि टोपडं काढलं. चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. "म्हणजे सोडलं ते बरंच केलं. कधी कधी वाटे, आपण उगाच भ्यालो का काय."

आता सांगायचं, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी टोपडं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि घरात बायकोला हाक मारली, "ये वं, पाय! याचं डोकं अजून नारळाएवढंच आहे. सासरा पळाला होता याचा!"

त्या हसू लागल्या. माझ्या कानशिलात तीच जुनी आग चढली.

"तुले किती दिसते रे?" भाऊंनी विचारलं.

"एकच," मी म्हणालो. टोपडं पिशवीत घातलं आणि दुपारच्या गाडीने परत आलो. भाऊ आता नाहीत.