मास्तरांची अनामिका

चांगलं वाजवलं की मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सहज जमतंय म्हणजे मेहनत नाही, असा त्यांचा हिशेब. बासरी हातात घेऊन बसलं की आधी विचारायचे, "दुखायलंय का?" हो म्हटलं तर, "मग बरोबर चाललंय." नाही म्हटलं तर आणखी अर्धा तास. चिखलीतल्या आमच्याच इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायचे. मास्तर शाबासकी देतील त्या दिवशी इमारतीला लिफ्ट बसेल, असं आम्ही म्हणायचो. पुढे लिफ्ट बसली. शाबासकी राहिलीच.

मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहिली शिफ्ट करून आले की हात साबणाने खसाखसा धुवायचे आणि शिकवायला बसायचे. खर्जाची मोठी बासरी त्यांच्या खास आवडीची. तिची भोकं एकमेकांपासून लांब, बोटं ताणून धरावी लागायची. "बोटाचे लाड केले की सूर रुसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा मला ते वेदवाक्य वाटे. आज त्याचा रागच येतो.

कारण त्यांच्याच उजव्या हाताची अनामिका वाकायला लागली. तीही फक्त बासरीवर ठेवली की. मोटारसायकल चालवताना, खोक्याला पट्टी मारताना बोट एकदम शहाणं. मास्तरांनी स्वतःच निदान केलं, "रियाज कमी पडायलाय." आणि रियाज दुप्पट केला. अनामिका मधल्या बोटाला बांधून वाजवलं. मग मधलंही वाकू लागलं.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, आणि मी त्यांना ओढूनच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बोटाला काही झालेलं नाही, मेंदूकडून त्याला येणारा हुकूमच चुकतोय. जितकं वाजवाल तितकी चूक पक्की होईल, तेव्हा थांबा. बाहेर पडताना मास्तर खुशीत. "ऐकलंस ना? बोटाला काही झालं नाही म्हणाले!" पुढचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. जन्मभर दुखण्यालाच प्रगती मानणाऱ्या माणसाला थांबणं हे औषध कसं पटणार?

थांबले तेव्हा फार उशीर झाला होता. काही दिवस गाऊन शिकवलं. पण वाजवून न दाखवणाऱ्या मास्तरांकडे पोरं किती टिकणार? एकेक करून सगळी पुनावळ्याच्या क्लासला गेली. मी तेवढी राहिले.

एका संध्याकाळी मी वाजवत असताना ते मध्येच म्हणाले, "पोरी, उद्यापासून येऊ नको."

"काय चुकलं, मास्तर?"

"चुकलं काही नाही. तू वाजवायलीस की माझा हात आपोआप वाजवायला जातो. अन् वाकतो. बघवत नाही मला."

मला रडू आवरेना. बासरी पिशवीत घातली आणि खाली घरी आले.

तेव्हापासून मी घरातच, खिडक्या लावून वाजवायचे. परवा भाजीवाल्याकडे काकू भेटल्या. मेथी चाळता चाळता म्हणाल्या, "राग मानू नको गं. खिडकी लावली तरी वर ऐकू येतंय. हे नुसते हात मांडीखाली दाबून बसतात."

घरी येऊन मी बासरी पुसली आणि कपाटात ठेवून दिली. मास्तरांनी शिकवलेलं वाजवणारं आता कोणीच राहिलेलं नाही.