मथुराबाईचं वय

महागावच्या आठवडी बाजारात मथुराबाईची हाक तीन गल्ल्या ओलांडून जात असे. मेथी तिची, पण खप शेजारणीच्या वांग्यांचाही वाढे. आता तीच बाई "मे..." म्हणून थांबते, दम घेते, अन् "...थी" येईस्तोवर गिऱ्हाईक पुढं गेलेलं असतं. शेजारीण शीला म्हणते, "बाई आता हप्त्यानं बोलते." मथुराबाई डोळे वटारते, शिवी द्यायला दम पुरत नाही, हे तिचं खरं दुःख.

तालुक्याच्या शाळेत फुप्फुसांचं शिबिर भरलं. नागपूरहून पाहणीचा चमू आला होता. मुलगी दीपा आईला धरून घेऊन गेली. तरुण डॉक्टर अवधूत यांनी तपासलं, कागद पाहिला.

"आजी, फुप्फुस कडक होत चाललंय. एकोणसत्तराव्या वर्षी होतं असं. आमच्या पाहणीत साठीच्या आतलेच घेतो."

"आजी कोनाले म्हनता?" मथुराबाई भडकली. "मी सत्तावन्नची हाव!"

"आधार कार्डावर जन्मसाल एकोणीसशे छप्पन आहे."

इथं खोटं कशाला बोला, चूक बाईचीच. कार्ड काढताना यंत्रावरच्या मुलानं जन्मसाल विचारलं, अन् हिनं छाती फुगवून सांगितलं, "दीक्षेच्या सालची!" आई तिला तसंच सांगायची. मुलाला एकच दीक्षा ठाऊक, नागपूरची. त्यानं छप्पन ठोकलं. ढाणकीजवळच्या तिच्या गावानं दीक्षा घेतली ती अडुसष्टला, हे त्याला कोण सांगणार? पुढं त्या कार्डावर एसटीत ज्येष्ठांचं अर्धं तिकीट मिळू लागलं, तेव्हा बाईनंही तोंड उघडलं नाही. बारा वर्षं फुकटची अंगावर वागवली.

"पन सर, कायले एवढी साठीची अट?" दीपानं विचारलं.

डॉक्टर समजावू लागले. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना एक आवरण असतं. साडीच्या काठाला पिको नसला तर सूत उसवतं, तसं ते आवरण झिजलं की पेशी म्हाताऱ्या होतात. साठीनंतर ते सगळ्यांचंच झिजलेलं असतं, पण काही घराण्यांत ते जन्मतःच आखूड असतं, म्हणून फुप्फुस अकाली थकतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर जनुक बसवून ते टोक पुन्हा शिवायचं, असा प्रयोग उंदरांवर झालाय. माणसांचं औषध अजून दूर आहे. सध्या फक्त अशी घराणी शोधायची, मुलाबाळांवर वेळीच लक्ष ठेवायचं.

"म्हंजे उंदरायले इलाज, अन् मले वय?" मथुराबाई खोकत उठली. "माया भाऊ उकंडा असाच खोकून खोकून एक्कावन्नाव्या वर्षी गेला. त्याचंबी वयच झालतं का? मले तुमचं औषध नाई पायजे. या पोरीचं रगत पाहा! मी म्हातारी ठरली, त तिले कोन पाहीन?"

चमूतल्या गौरीताई हसल्या. "मावशी, पुरावा लागतो हो. आलात तेही ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटावरच ना?"

"ते त आता समद्या बायायले हाय!"

बाकावरचे लोक खदखदले. मथुराबाईनं मात्र पिशवीत हात घातला. भावाच्या शाळेचा दाखला तिनं दहा वर्षं प्लास्टिकच्या पन्नीत जपला होता. उकंडा, जन्म एकोणीसशे चौसष्ट.

"हा माया मोठा भाऊ. याच्या बोटाले धरून मी चालाले शिकली. आता सांगा साहेब, मोठा भाऊ मायाहून आठ वर्षानं लहान कसा?"

डॉक्टरांनी दाखला पाहिला, मग कार्ड पाहिलं. दीपानं तोवर दीक्षेच्या सालाचा घोळ सांगून आईच्या गावच्या विहारातल्या कोरीव दगडाचा फोटो मोबाईलवर मागवला: दीक्षा समारंभ, १९६८, अन् खाली मथुराबाईच्या वडिलांचं नाव. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. मग त्यांनी नागपूरला फोन लावला, व्हरांड्यात जाऊन हुज्जत घातली, अन् परत येऊन नोंदीतला आकडा खोडून सत्तावन्न लिहिलं.

"हात द्या, मावशी."

"आधी तिचा," म्हणत तिनं दीपाची बाही स्वतःच वर केली. "अन् ते कार्डबी सुधरवून द्या. म्हातारीचं अर्धं तिकीट गेलं त गेलं, बाईचं हायच."